ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड आणि आपला मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आली की, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांना माणसांची नावे आठवेनाशी झाली की ब्राह्मीची आठवण निघते. खालचे प्रश्न या दोन्ही प्रकारच्या घरांतून येणारे आहेत. उत्तरे देताना शक्य तिथे माणसांवर झालेल्या चाचण्यांचा आधार घेतला आहे. उंदरांवरचे प्रयोग बहुतेक बाजूला ठेवले, कारण औषध पाजलेल्या उंदराला पिंजऱ्यातली वाट सापडली म्हणून आजोबांना चष्मा सापडेलच असे नाही.

ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

गोंधळाची सुरुवात इथूनच होते. या एका नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बाकोपा मॉनिएरी. ती पाणथळ जागी जमिनीसरपट वाढते. पाने लहान, लांबट आणि मांसल, फुले पांढरी किंवा फिकट जांभळट. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, जिला मराठीत कारिवणा असेही नाव आहे. तिचे पान गोलसर, देठापाशी खाच असलेले आणि कडेला दातेरी असते. महाराष्ट्रात लोकांच्या कुंड्यांमधून ‘ब्राह्मी’ म्हणून दिसते ती बहुतेक वेळा ही दुसरी. केरळात मात्र ब्राह्मी म्हटले की बाकोपाच पुढे येते.

दोघींची कुळे वेगळी आहेत. सेंटेला गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली, तर बाकोपा इसबगोलाच्या. आतली रसायनेही वेगळी: बाकोपात बॅकोसाइड, सेंटेलात एशियाटिकोसाइड. त्यामुळे बाकोपावर झालेल्या चाचणीचा दाखला देऊन सेंटेलाची पावडर विकणे ही सरळसरळ दिशाभूल आहे, आणि ती सर्रास चालते.

शंखपुष्पीची गत याहून वाईट. बऱ्याच ठिकाणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीची वेल शंखपुष्पी म्हणून घेतात, केरळात आपली निळी गोकर्ण, आणि काही ठिकाणी विष्णुक्रांता. दुकानात जाल तेव्हा मराठी नावावर थांबू नका. डबीवरचे शास्त्रीय नाव वाचा. ते छापलेलेच नसेल तर डबी परत ठेवा.

बुद्धीसाठी चरकांनी ब्राह्मीच सांगितली आहे ना?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पहिल्याच अध्यायात, चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायने येतात: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटलेला गोळा). ‘मेध्या विशेषेण च शंखपुष्पी’ असे म्हणून त्यातही शंखपुष्पीला वरचा मान दिला आहे. ब्राह्मी या नावाने या चौकडीत कोणी नाही, अश्वगंधाही नाही. ब्राह्मीचा रस पुढे अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, चिकित्सेत, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पीबरोबर जुन्या तुपात सिद्ध करून येतो. तेच ब्राह्मीघृत.

या चारांपैकी दोघांबद्दल इथेच सांगून टाकतो. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. हे त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे घडते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा सर्वांत मोठा शत्रू उच्च रक्तदाबच आहे. तेव्हा बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाने स्मरणशक्तीसाठी रोज ज्येष्ठमध घेणे म्हणजे उलटाच व्यवहार. गुळवेलीचे म्हणाल, तर करोनाकाळात लोकांनी ती अक्षरशः लिटरने प्यायली. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खातरजमा केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा आक्षेप मान्य केला तरी घेणाऱ्याच्या हातात काय उरते? आपण गुळवेल म्हणून काय पितो आहोत हे आपल्यालाही ठाऊक नसते, एवढेच.

ब्राह्मीने स्मरणशक्ती खरोखर वाढते का?

बाकोपाबद्दल बोलायचे तर थोडाफार पुरावा आहे, आणि तो बहुतेक घरगुती औषधांपेक्षा बरा आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने बॅकोसाइडांवर अनेक वर्षे काम करून प्रमाणित अर्क तयार केला. ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी प्रौढांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाचव्या आठवड्यात फारसा फरक दिसला नाही, बाराव्या आठवड्यात दिसला. पुढच्याच वर्षी ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल मला जास्त बोलका वाटतो. औषध घेणाऱ्यांचा नवीन शिकण्याचा वेग बदलला नाही, मात्र शिकलेले विसरण्याचा वेग कमी झाला.

२०१४ मध्ये अशा ९ चाचण्या, म्हणजे ५१८ माणसे, एकत्र करून पाहिल्या गेल्या. तेव्हा लक्ष देण्याच्या वेगात सुधारणा दिसली. चाचण्या छोट्या आहेत, परिणाम माफक आहे, आणि बहुतेक ठिकाणी औषध तीनच महिने दिलेले आहे. दोन-पाच वर्षे घेतल्यावर काय होते ते यातून कळत नाही.

आणखी एक. चाचणीतला अर्क घट्ट, मोजून दिलेला असतो. सकाळी कुंडीतली दोन पाने चावून खाणे चांगलेच, पण त्याची बरोबरी त्या ३०० मिलिग्रॅमशी करता येत नाही. विशेषतः कुंडीत सेंटेला असेल तर.

काही त्रास होतो का त्याने?

पोटाचा. मळमळ, मुरडा, दिवसातून जास्त वेळा शौचाला जावे लागणे. जेवणानंतर घेतले तर त्रास कमी होतो.

मुलाची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. आता सुरू करू का?

नको. वर सांगितलेल्या चाचणीत पाच आठवड्यांनीसुद्धा फरक नव्हता. त्यातून परीक्षेच्या तोंडावर पोट बिघडले तर काय घ्याल? मालकांगोणीच्या तेलाचे थेंब देण्याचीही जुनी पद्धत आहे. त्याची मात्रा जास्त झाली की उलट्या होतात. मुलाला रात्री सात-आठ तास झोपू द्या. वाचलेले पक्के बसते ते झोपेत, आणि त्याचा पुरावा या पानावरच्या कुठल्याही वनस्पतीपेक्षा भक्कम आहे.

सासूबाई हल्ली खूप विसरतात. ब्राह्मी सुरू केली तर चालेल?

आधी तपासणी, मग ब्राह्मी. म्हातारपण म्हणजे विसराळूपण असे धरून आपण गोष्टी सोडून देतो, आणि त्यात बऱ्या होऊ शकणाऱ्या गोष्टी निसटतात. थायरॉइड मंद असणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, ऐकू कमी येणे या सगळ्यांनी माणूस विसरल्यासारखा वागतो. ज्याला प्रश्न नीट ऐकूच आला नाही, तो उत्तर काय देणार!

आपल्याकडे तर ब जीवनसत्त्वातले बी-१२ आवर्जून पाहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. ही कमतरता कुठल्याही पाल्याने भरून निघत नाही, कारण वनस्पतींत बी-१२ जवळपास नसतेच. साध्या गोळीने किंवा इंजेक्शनने भरून निघते. सहा महिने ब्राह्मी देत बसलात तर ते सहा महिने नसांचे नुकसान चालूच राहते.

देशभर केलेल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा: भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, आयुष्यभर केलेली आमटी करताना हात अडणे, अशी लक्षणे असतील तर न्यूरोलॉजिस्टकडे जाणे लांबवू नका.

डिमेन्शिया झालेला असेल तर एखादी वनस्पती तो थांबवू शकते?

थांबवू शकणारी वनस्पती नाही. या बाबतीत सर्वांत कसून तपासलेली वनस्पती गिंको, ती चीनमधली. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा औषध नसलेली गोळी देऊन सुमारे सहा वर्षे पाहिले. २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया होण्याच्या प्रमाणात काहीही फरक नाही. फ्रान्समध्ये २,८५४ जणांवर झालेल्या चाचणीचा २०१२ मधला निकालही तोच. बाकोपावर एवढी मोठी चाचणी झालेलीच नाही. तेव्हा ‘अल्झायमरवर रामबाण’ असे कुणी म्हणाले तर त्याला विचारा, किती माणसांवर आणि किती वर्षे?

फिट्सची गोळी चालू आहे. सोबत शंखपुष्पी सिरप घेतले तर बिघडते का?

हो. या पानावरचा एकच प्रश्न वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्माराचे दोन रुग्ण आले, ज्यांच्या फिट्स फेनिटॉइन या गोळीने नीट आटोक्यात होत्या आणि अचानक पुन्हा सुरू झाल्या. दोघेही शंखपुष्पीचे तयार औषध घेऊ लागले होते. डॉक्टरांनी उंदरांवर तपासून पाहिले, तर शंखपुष्पी वारंवार दिल्यावर रक्तातली फेनिटॉइनची पातळी उतरत होती. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मेंदूसाठी चांगले म्हणून घेतलेल्या सिरपने मेंदूचे चालू औषध बोथट केले.

आपण वैद्यांना गोळ्यांबद्दल सांगत नाही आणि डॉक्टरांना काढ्यांबद्दल सांगत नाही. ओरडा बसेल म्हणून. ओरडा बसू द्या. फिट्सची, रक्त पातळ करणारी, थायरॉइडची, झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर चूर्ण, सिरप, आसव जे काही असेल त्याची बाटलीच सोबत न्या आणि टेबलावर ठेवा.

मग वनस्पतींतून मेंदूचे खरे औषध कधी निघालेच नाही का?

निघाले, आणि त्यातला मोठा वाटा भारताचा आहे. सर्पगंधा बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जायची. १९३१ साली सेन आणि बोस या दोघांनी तिचा उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरचा उपयोग लिहून ठेवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातले रिसर्पीन वेगळे झाले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. काही काळ रिसर्पीन मनोरुग्णालयांतही वापरले गेले. पुढे काही रुग्णांत नैराश्य आणि कंपवातासारखी (पार्किन्सनसारखी) थरथर दिसू लागली, आणखी सुरक्षित औषधे आली, आणि ते मागे पडले.

पण त्या थरथरीतूनच पुढची गोष्ट सुरू झाली. रिसर्पीन मेंदूतले डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे रसायन, रिकामे करते. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पीन देऊन निपचित पडलेल्या सशांना डोपा (ज्यापासून शरीर डोपामीन बनवते ते द्रव्य) टोचले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावर आज दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपामागचा विचार तिथून आला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. आता गंमत अशी की हेच लेव्होडोपा १९३७ मध्येच एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी आपल्या खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. तेव्हा त्याचे काय करायचे ते कुणालाच ठाऊक नव्हते. पावसाळ्यानंतर रानात जिच्या शेंगेला अंग लागले की माणूस तासभर खाजवत बसतो, तिच्या बीमध्ये कंपवाताचे औषध साधारण ३ ते ६ टक्के भरलेले असते!

अल्झायमरसाठी वापरले जाणारे गॅलँटामीनही असेच, स्नोड्रॉप नावाच्या युरोपीय फुलाच्या कंदातून पुढे आले. १९५० च्या दशकात बल्गेरियात त्यावर काम सुरू झाले आणि २००१ मध्ये अमेरिकेने त्याला अल्झायमरसाठी मान्यता दिली. ते लक्षणे काही काळ सौम्य करते, आजार मागे फिरवत नाही.

बाबांना कंपवात आहे. गोळीऐवजी खाजकुइलीचे चूर्ण देऊ का?

‘ऐवजी’ तर मुळीच नाही. लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात (२००४) ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. म्हणजे चूर्णात दम आहे, आणि धोकाही तिथेच आहे: तुम्ही औषधच देत आहात, फक्त किती ते न मोजता. बियांतले प्रमाण दर वेळी बदलते. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते, जे औषध मेंदूत पोहोचण्याआधी वाया जाऊ देत नाही. चूर्णात ते नसते, म्हणून मळमळ होते, उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो. गोळी आणि चूर्ण दोन्ही चालू ठेवले तर मात्रा दुप्पट होऊन अंगाला वेडेवाकडे हेलकावे बसू शकतात, भास होऊ शकतात. न्यूरोलॉजिस्टशी बोलूनच काय ते ठरवा. आणि गोळी असो की चूर्ण, डाळ, पनीर, अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतले तर कमी लागू पडते, हेही लक्षात ठेवा.

बाळगुटीत वेखंड उगाळतात. बोलणे लवकर येते, बुद्धी वाढते म्हणतात. द्यावे का?

आजीच्या हातची सहाण, आईचे दूध, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग आणि वेखंडाचा एखादा वेढा, हे चित्र मलाही आवडते. तरी माझे उत्तर नाही असेच आहे.

वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. भारतात वाढणाऱ्या वेखंडात त्याचे प्रमाण भरपूर. उत्तर अमेरिकेतल्या जातीत जवळपास नाही. भारतीय वेखंडाचे तेल दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी आढळल्या, आणि १९६८ साली अमेरिकेने वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी केली. एका वेढ्यात किती असारोन उतरते हे आजी सांगू शकत नाही, मीही नाही. वेढा मोठा झाला की बाळाला उलट्या होतात, हे मात्र अनेक घरांनी पाहिलेले आहे. आणि पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वेखंड कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवा, कसर लागत नाही.

अश्वगंधा?

अश्वगंधा, म्हणजेच आस्कंद, ताण आणि झोपेसाठी, स्मरणशक्तीसाठी नंतर. मुळाचा अर्क दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम, आठेक आठवडे, अशा चाचण्यांत ताण कमी झालेला आणि झोप सुधारलेली दिसते. झोप सुधारली की डोके चालतेच. गरोदर बायकांनी घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारून घ्यावे, कारण थायरॉइडची पातळी वाढू शकते. यकृताला इजा झाल्याची उदाहरणे थोडी पण पक्की आहेत. लघवी गडद आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती मला टोकाची वाटते, पण ‘अगदी निरुपद्रवी’ हा आपला सूरही तितकाच टोकाचा आहे. मूळच घ्या. पाने न वापरण्याची सूचना आयुष मंत्रालयाने उत्पादकांना २०२१ मध्येच केलेली आहे.

रोज हळदीचे दूध घेतले तर अल्झायमर टळतो का?

तसे दाखवता आलेले नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी उतरते. हरयाणातल्या बल्लभगड भागात अल्झायमरचे प्रमाण खूप कमी आढळले होते, त्याचे श्रेय लोक हळदीला देतात. त्या अभ्यासाने हळदीचा हिशेब मांडलेला नव्हता. दूध आवडते म्हणून प्या.

ब्राह्मी-माक्याचे तेल डोक्याला लावले तर?

बरे वाटते, झोप लागते. टाळूतून मेंदूत काही जात नाही.

दुकानातून घेताना काय पाहायचे?

शास्त्रीय नाव, कोणता भाग (पान, मूळ की पंचांग, म्हणजे अख्खी वनस्पती), अर्क की चूर्ण, उत्पादन परवाना क्रमांक, तारीख. सुट्या काष्ठौषधी ओळखीच्या, रोज माल खपणाऱ्या दुकानातूनच घ्याव्यात. पडून राहिलेल्या मालाला बुरशी लागते. भस्म किंवा रसौषधी (धातू-खनिजांपासून केलेली औषधे) मिसळलेली ‘स्मरणशक्तीची गोळी’ वैद्यांच्या लेखी सल्ल्याशिवाय नको. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा पाचात एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे मेंदूचेच विष आहे, मुलांच्या मेंदूचे तर फारच. मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात बसत नाही. ती रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येते ही वेगळी गोष्ट.

घरी लावायची असेल तर?

दोन्ही सोप्या आहेत. मंडूकपर्णीला अर्धी सावली आणि सतत ओलसर माती लागते. पेरापाशी मुळे फुटलेला तुकडा लावला की महिन्याभरात कुंडी भरते. नीरब्राह्मीला पसरट भांडे, ऊन आणि साचलेले पाणी चालते. नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या कडेची मात्र कधीही तोडून आणू नका. बाकोपा पाण्यातले कॅडमियम, शिसे शोषून घेते, इतके की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे, आणि आत शोषलेले शिसे धुऊन निघत नाही. मंडूकपर्णीची पाने ओले खोबरे, हिरवी मिरची आणि मीठ घालून वाटली की चटणी छान होते. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तेच वाटण ताकात कालवून तंबळी करतात. तेवढी भाजीसारखी खायला वैद्यही नको आणि मात्राही नको.